नऊ गेली, नऊ आली

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. मित्रांनो, हा शब्द तुम्ही वर्गातल्या एखाद्या मुलाला चिडवायला वापरत असाल. मी खराच ठोकळा आहे आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. दीड वीत उंची, चार बोटे जाडी आणि पुढच्या कडेला चिठ्ठी बसेल एवढी खाच, असे माझे रूप आहे.

मी एका जुन्या ग्रंथालयात राहतो. तिथे गोष्टींची पुस्तके नाहीत. तिथे आहेत कापडावरच्या नक्षीची पुस्तके, खुर्च्यांच्या पायांची, अक्षरांच्या वळणांची, रंगीत काचांची, भिंतीला चिकटवायच्या कागदांची. चित्रकार, सुतार, शिंपी, घरे बांधणारे, असे हाताने काम करणारे लोक ती बघायला येतात. पिशवी दाराशी ठेवायची, हात धुवायचे, शाईचे पेन बाहेर काढायचे नाही, पेन्सिल चालेल. पुस्तक घरी न्यायची तर गोष्टच सोडा. मागणीची चिठ्ठी भरली की पुस्तक टेबलावर येते आणि कपाटात त्याची जी जागा रिकामी होते तिथे आमच्यापैकी एकाला उभे करतात. खाचेतल्या चिठ्ठीवर चार रकाने असतात. कोणते पुस्तक, कोणी काढले, कुठे नेले आणि परत कधी आले. चौथा रकाना भरला की माझी सुटी. म्हणजे पुस्तक नसते तेव्हाच मी असतो.

मला घडवले एका सुताराने. तो खुर्च्यांची पुस्तके बघायला यायचा. एक पुस्तक काढले की शेजारची पुस्तके रिकाम्या जागेत कलंडतात आणि त्यांचे कोपरे दुमडतात, हे त्याला बघवेना. दोन आठवड्यांनी तो पोते खांद्यावर टाकून आला आणि त्याने जुन्या दारांच्या लाकडातून केलेले चाळीस ठोकळे टेबलावर ओतले. आमच्या कडा त्याने इतक्या घासल्या होत्या की पुस्तकाला ओरखडा निघणे शक्यच नव्हते. त्या वेळचे ग्रंथपाल आम्हाला हातात घेऊन बराच वेळ कौतुक करत होते. पुढे इतके कौतुक आमच्या वाट्याला कधी आले नाही, पण काम भरपूर आले.

हे काम ज्यांच्या हातून चाले त्या मावशी. वाचक त्यांना मावशी म्हणत, ग्रंथपालही मावशीच म्हणत. मागणीची चिठ्ठी घ्यायची, पुस्तक काढायचे, ठोकळा लावायचा, पुस्तक टेबलावर नेऊन द्यायचे, ही त्यांची नोकरी. कोणते पुस्तक कोणत्या कप्प्यात आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. दुर्मिळ पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असे. एक गोष्ट मात्र त्यांनी कधी केली नाही. त्यांनी एकही पुस्तक उघडले नाही. बघायचे काम वाचकांचे आणि आणून द्यायचे काम आपले, असा त्यांचा हिशेब होता. मला तो तेव्हा बरोबर वाटे. मीही कधी एक पान पाहिलेले नाही.

एका वर्षी नऊ जुन्या पुस्तकांचे पुठ्ठे निखळले म्हणून ती बाइंडरकडे गेली. नऊ जागांवर नऊ ठोकळे उभे राहिले. माझ्या वाट्याला फरशांच्या नमुन्यांची वही आली; चिठ्ठीत काढणाऱ्याचे नाव मावशींचे होते. महिनाभराने पुस्तके परत आली. मावशींनी ती मोजून घेतली, नऊ भरली. आवक-जावकीच्या नोंदवहीत सही करून त्या एकेक पुस्तक पाठीवरचे नाव वाचून जागेवर लावत गेल्या आणि एकेक ठोकळा काढत गेल्या. 'कुलपे आणि बिजागऱ्या' असे नाव असलेली दोन पुस्तके निघाली. असतील दोन भाग, असे म्हणून त्यांनी ती माझ्या डावीकडे शेजारी शेजारी ठेवली. तेवढ्यात टेबलावरून कोणी तरी हाक मारली. त्या गेल्या आणि मी तिथेच राहिलो.

चार महिन्यांनी कोणी तरी फरशांचे नमुने मागितले. कपाटात मी होतो. ग्रंथपालांनी बाइंडरला विचारले, तर त्याने कानांवर हात ठेवले. नऊ नेली, नऊ दिली, सही बघा म्हणाला. सही मावशींची होती.

"नऊ गेली, नऊ आली," मावशी म्हणाल्या. "सगळी मी माझ्या हातानं लावलीत."

"मग हे कुठं आहे?" ग्रंथपालांनी विचारले.

ग्रंथपाल बाई आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि मावशींनी कमरेची किल्ली काढून त्यावर ठेवली. त्या दिवसापासून दुर्मिळ कपाट उघडायचे असले की मावशींना ग्रंथपालांच्या खोलीत जाऊन किल्ली मागावी लागे आणि काम झाले की परत नेऊन द्यावी लागे. पंचवीस वर्षे मान वर करून चाललेली बाई त्या दाराशी जाताना खाली बघून चालू लागली. चोर असे तोंडावर कोणी म्हटले नाही. कोणी म्हटले असते, तर निदान भांडता तरी आले असते.

दर वर्षी पुस्तकांची तपासणी होई. एक जण पाठीवरची नावे मोठ्याने वाचायचा, दुसरा यादीत खुणा करायचा. माझ्यापाशी आले की म्हणायचे, एक कमी. शेजारी आले की म्हणायचे, कुलपे एक जादा. आणि पुढे जायचे. मित्रांनो, जादा निघालेल्या पुस्तकाची कोणी विचारपूस करत नाही. सगळी शोधाशोध कमी पडलेल्याचीच असते. दर वर्षी ग्रंथपाल म्हणायच्या, यादीत 'गहाळ' लिहू आणि ठोकळा काढून टाकू. दर वर्षी मावशी एकच उत्तर द्यायच्या. ठोकळा राहू दे. तो आहे तोवर पुस्तक यायचं आहे.

अशी बारा वर्षे मी उभा राहिलो. माझ्याबरोबरचे ठोकळे दिवसातून चार वेळा आत-बाहेर करत, आणि मी मात्र ठाण मांडून बसलेला. माझ्या डोक्यावर धूळ साचली, चिठ्ठी पिवळी पडली. त्यातून डावीकडचे ते कुलपांचे पुस्तक. समोरून नीट दिसायचे, पण मागे त्याचे पोट भलतेच सुटलेले होते आणि सगळा भार माझ्या अंगावर. मी मनातल्या मनात त्याला खूप बोल लावले. कुलपे-बिजागऱ्या कोणी मागत नसे, म्हणून ते एकदाही जागचे हलले नाही.

शेवटी मावशींच्या निवृत्तीचा महिना आला. ग्रंथपालांनी सांगून ठेवले की या वेळी 'गहाळ' लिहावेच लागेल, आणि शेरा सही करणाऱ्याच्या नावापुढे पडेल. त्या दिवशी मावशींनी माझ्या डोक्यावरची धूळ दोनदा पुसली.

महिना संपायला अकरा दिवस उरले असताना एक आजी आणि त्यांची सून आल्या. आजींनी हात धुतले, काठी खुर्चीला टेकवली आणि फरशांच्या नमुन्यांची वही मागितली. तरुणपणी त्या फरशांच्या कारखान्यात नक्षी काढत. कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी नमुन्यांची एकुलती एक वही या ग्रंथालयाला दिली होती. दोनशे चौदा नमुने, सगळे आजींनी रंगवलेले आणि स्वतःच्या हाताने चिकटवलेले. आजींना ते सुनेला एकदा दाखवायचे होते. सून सासूच्या तोंडून त्या दोनशे चौदांबद्दल लग्नापासून ऐकत होती आणि आकडा तिला फुगवलेला वाटतो असे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

मावशींनी त्यांना माझ्यापुढे आणून उभे केले आणि जे घडले ते खाली बघत सांगितले.

"बरं," आजी म्हणाल्या. "वही नाही तर नाही. पण त्या मापाचं एखादं पुस्तक तरी काढ. केवढं होतं ते हिला कळू दे."

मावशींनी मापाला जवळचे म्हणून माझ्या डावीकडचे पुस्तक ओढले. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या डाव्या अंगाला वारा लागला. आजींनी ते दोन्ही हातांत तोलले. मग उभे धरून त्याच्या उघडणाऱ्या बाजूकडे पाहिले. तिथे पाने पंख्यासारखी सुटली होती.

"हे कसलं पुस्तक आहे?" त्यांनी मावशींना विचारले.

"कुलपं आणि बिजागऱ्या."

"छापलेलं पुस्तक असं फुगत नाही," पुस्तक सुनेच्या हातात देत आजी म्हणाल्या. "यात कुणी तरी काही तरी चिकटवलंय. उघडू नकोस, थांब. तेराव्या पानावर खालचा नमुना उलटा असेल. माझ्या हातून उलटा लागला होता, आणि मालकांना कधी कळलं नाही."

सुनेने तेरावे पान उघडले. खालचा नमुना उलटा होता.

मग काय झाले ते मी कपाटातूनच पाहिले. खुर्च्या सरकल्या, ग्रंथपाल धावत आल्या, संध्याकाळी बाइंडरलाही बोलावून घेतले. तो आता जाड चष्मा लावत होता. त्याने पुस्तकाची पाठ बघितली आणि कपाळाला हात लावला. पाठीवर नाव उठवायला तो धातूची अक्षरे एका पट्टीत जुळवायचा. कुलपांचे नाव उठवून तो जेवायला गेला, आणि परत येऊन अक्षरे न बदलता तीच पट्टी दुसऱ्या पुस्तकावर दाबली. नऊ गेली होती, नऊच आली होती.

ग्रंथपाल बाई आत गेल्या. त्यांनी किल्ली आणली आणि सगळ्यांसमोर मावशींच्या हातात दिली. "माझं चुकलं," एवढेच त्या म्हणाल्या. पुढचे अकरा दिवस ती किल्ली मावशींच्या कमरेला होती.

मावशी माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझ्या खाचेतून ती पिवळी चिठ्ठी काढली, चौथ्या रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली सही केली. मला बाहेर काढून त्यांनी क्षणभर छातीशी धरले. मी लाकूड आहे, मला फारसे काही वाटत नाही. त्या दिवशी वाटले.

खरे सांगायचे तर मला थोडी शरमही वाटली. ज्या पुस्तकाच्या जागी मी बारा वर्षे उभा होतो, तेच बारा वर्षे माझ्या अंगावर रेलून होते. मी त्याला शेजारी समजून शिव्या घालत राहिलो. मावशींनीही ते एकदा उघडले असते तर? पण त्यांना तसे कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे मागणे आहे. ग्रंथालयात गेलात तर पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचून थांबू नका, स्वच्छ हातांनी ते उघडा. ज्याला कोणी विचारत नाही असे एखादे मुद्दाम मागून घ्या. आणि बघून झाले की स्वतःच कुठे तरी खोचू नका, टेबलावर ठेवा, म्हणजे ते आपल्या जागी जाईल. आणि एखाद्याची सही खाली आहे म्हणून चूक त्याचीच, असे ठरवायच्या आधी आणखी एकदा शोधा.

निवृत्तीनंतर पंधरा दिवसांनी मावशी आल्या. त्यांनी पिशवी दाराशी ठेवली, हात धुतले आणि खुर्चीवर बसून आयुष्यातली पहिली मागणीची चिठ्ठी भरली. फरशांचे नमुने. नव्या मुलीने वही काढली आणि तिच्या जागी मला उभे केले. माझ्या खाचेत पुन्हा त्यांचेच नाव होते. पान उलटल्याचा आवाज मला एकसारखा ऐकू येत होता. दोनशे चौदा नमुने बघायला त्यांना दुपार पुरली नाही. पाच वाजता वही परत आली आणि मुलीने चौथा रकाना भरला.

मावशी उद्या पुन्हा येणार आहेत.