खरवडलेलं नाव

दोष कृष्णाजीचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या घरात कुणी सांगणार नाही.

मी चांदीचा पेला बोलतोय. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत सुब्रह्मण्य सोनारानं मला घडवलं. वादिराजच्या मुंजीत मामानं मला दिलं, पोटावर ठिपक्याठिपक्यांनी त्याचं नाव कोरून. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव असतं. माणूस मरतो, नाव राहतं.

वादिराजचे वडील लवकर गेले. मग घरात शब्द चालायचा तो थोरल्या काकाचा, कृष्णाजीचा. झोपाळ्यावर बसून हुकूम सोडणं एवढंच त्याचं काम. १९५३ साली तिरुवैयारुच्या शेतात कालव्याच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी जुंपली. कृष्णाजी बांधावरून ओरडला, "बघतोस काय? मार त्याला!" एकोणीस वर्षांच्या वादिराजनं फावडं उचललं. शेजाऱ्याचा हात कायमचा गेला. मारलं वादिराजनंच, ते त्यानं कधी नाकारलं नाही. पण "मार" म्हणणारा कोर्टात म्हणाला, "मी तिथं नव्हतोच." मी तिथं होतो, पाण्याच्या तांब्यावर पालथा. मला कोण विचारणार?

चार वर्षं तो तिरुचीच्या तुरुंगात, मी फडताळात.

सुटून दारात आला तेव्हा कृष्णाजीनं झोपाळासुद्धा थांबवला नाही. "तिण्णैवर बस," म्हणाला. तिण्णै म्हणजे दाराबाहेरचा ओटा. "सुंदरीचं लग्न ठरेपर्यंत आत नको. लोक बघतात."

मलाही बाहेर काढलं. तिण्णैवरच्या कोनाड्यात. त्याची आई अंबा उंबऱ्याच्या आतून उंचावरून पाणी ओतायची. माझ्या काठाला तिचा तांब्या लागत नसे.

"अम्मा, एकदा आत बसून जेवू?"

"काका आहेत रे आत. उद्या बघू."

असे 'उद्या' किती झाले ते तिलाच विचारा. मला तिची कीव येत नाही.

खिडकीच्या गजांमागून एकटी बहीण, सुंदरी, बोलायची. "काय रे अण्णा, आज कुणी हाकललं?"

"छापखानेवाल्यानं. माझी शिवण बघितली, म्हणाला, फर्स्ट क्लास बाइंडिंग! कुठं शिकलास? मी सांगितलं, तुरुंगात. तर म्हणतो, आता जागा नाही."

"कां सांगितलंस? वेडा!"

"मग काय सांगू? काशीला शिकलो?"

दोघं हसली. मग सुंदरी म्हणाली, "माझं लग्न होऊं दे. माझ्या घरी ये. झोपाळ्यावर बसवून तुला कॉफी देईन, ह्याच पेल्यात. शपथ."

तेवढ्या एका शब्दावर तो जगत होता. शाळेत गेला, तिथं वर्तणुकीचा दाखला मागितला. भाताच्या गिरणीत गेला, तिथं त्याला बघून मालकानं कुलूप चाचपलं. संध्याकाळी तिण्णैवर येऊन मला स्वतः धुवायचा आणि वाट बघायचा.

कुंभकोणमचं स्थळ जमलं. त्यांना कृष्णाजीनं सांगितलं होतं, मुलगी एकटीच, भाऊ नाही. लग्नात द्यायची भांडी मांडायची, वरपक्षाच्या बायका एकेक उचलून नाव वाचणार. चांदीचा पेला कमी पडत होता. कृष्णाजीला मी आठवलो. चार महिने बाहेर टाकलेला मी एकाएकी त्याला चालणार होतो.

"राखेनं घासला की सोवळा होतो," तो म्हणाला. "वादिराज, तूच जा सोनाराकडे. नाव काढून घे. बहिणीसाठी एवढं कर."

त्यानं मला नेलं.

सुब्रह्मण्य म्हातारा झाला होता. "नाव काढायचं? मेलेल्याचंसुद्धा कुणी काढत नाही, अप्पा. कुणाचं आहे?"

"माझं."

सोनारानं कानस खाली ठेवली. "मी घातलेलं नाव आहे. माझ्या हातून होणार नाही."

वादिराजनं कानस उचलली आणि स्वतः घासलं. मागं बघितलं नाही, थांबला नाही. तिथं माझा पत्रा इतका पातळ झाला की कॉफीचा चटका आजही त्याच जागी बसतो.

लग्नाचे चार दिवस त्याला गावाबाहेर राहायला सांगितलं. तो परत आला नाही.

आला तो वर्षभरानं, कुंभकोणमला, सुंदरीच्या दारात. अंगात फाटका सदरा. "सुंदरी," एवढंच म्हणाला. तिच्या हातात मीच होतो, कॉफीनं भरलेला. तिचा अंगठा त्या पातळ जागेवर होता.

आतून सासू म्हणाली, "कोण गं?"

मी वाट बघितली. तोही बघत होता.

"कुणी नाही, अत्ते. पाणी मागतोय."

तिनं मला आत ठेवलं, पितळी तांब्या उचलला आणि उंचावरून ओतलं, तिच्या आईसारखं. तो ओंजळीनं प्यायला. सगळं प्यायला आणि गेला. पुन्हा कुणाला दिसला नाही.

मी इथंच आहे, रोज घासला जातो. तुमच्याकडे असं कुणी सुटून आलं तर त्याला आत घ्या, असं म्हणणार होतो. पण तुम्हीही उद्या बघू म्हणाल.

शिक्षा चार वर्षांची होती. ती भोगून आलेल्या वादिराजचं घर गेलं, काम मिळालं नाही, बहीण त्याची राहिली नाही. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.