तांत्रिक कारणामुळे उशीर

‘पोट आहे की दगडांचं पोतं, देव जाणे!’

बाथरूमच्या दाराआड सासूबाई स्वतःशीच पुटपुटल्या आणि लगेच नळ आणखी मोठा झाला. माझं शिलाई मशीन त्या दाराला लागूनच आहे. कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत मी खाली मान घालून बसले, ऐकलंच नाही असं दाखवत. पण मला बघायला होतं कोण?

आमच्या घरात नळाचा एक नियम आहे. आत गेलं की नळ पूर्ण सोडायचा, बाहेर येताना बंद करायचा. मधल्या वेळात आत जे काही घडेल ते पाण्याच्या आवाजात वाहून गेलं पाहिजे. हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी एकदा नळ न सोडता बसले, तर जेवताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘आज पाण्याला जोर नव्हता वाटतं.’ त्यानंतर बावीस वर्षांत मी एकदाही विसरलेले नाही.

सासूबाईंनी एकतीस वर्षं बसस्थानकावर घोषणा केल्या. काचेची खोली, समोर माइक आणि खिडकीतून दिसणारं फाटक. ड्रायव्हर फोन करून सांगायचे, ‘ताई, दोन मिनिटांत पोचतोय, लावा घोषणा.’ पण गाडी फाटकातून आत शिरताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्यांनी ती कधी ‘लागली’ म्हटलं नाही. आणि उशीर झाला, तर कारण एकच. टायर फुटो, इंजिन बसो, नाहीतर ड्रायव्हर चहाला जाऊन तिथेच झोपो, लोकांना ऐकू यायचं ते एवढंच: ‘तांत्रिक कारणामुळे.’

निवृत्त झाल्या तेव्हा माइक तिकडेच राहिला, पण हे दोन शब्द त्यांनी घरी आणले. माझा नवरा नववीत नापास झाला होता, हे मला लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं. तोवर त्याचं एक वर्ष तांत्रिक कारणामुळे गेलं होतं. त्यांच्या पोटावर एक उभा व्रण होता, त्याचं नाव ‘ते ऑपरेशन’. कोणतं, ते विचारायची टाप कुणाची?

तर त्या गुरुवारी पोटात कळ येत होती. यायची, त्यांना वाकवायची आणि निघून जायची. पंधरा मिनिटांनी परत हजर. आम्ही त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘पोट साफ होतंय? वारा सरतोय?’

नवरा छताकडे बघायला लागला. मी वजनकाट्याकडे.

‘सगळं वेळापत्रकाप्रमाणे,’ सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ॲसिडिटीचं औषध लिहून दिलं. त्यांची तरी काय चूक? वेळापत्रक ज्यांच्या हातात, त्यांनीच ग्वाही दिल्यावर कोण शंका घेणार!

मला मात्र माहीत होतं. बुधवार सकाळपासून त्या आत जात होत्या, नळ धो धो वाहत होता, पण फ्लशचा आवाज एकदाही आला नव्हता. आता असल्या गोष्टींवर कान ठेवायची मला हौस नाही. पण मशीन तिथे, भिंत पातळ, आणि बावीस वर्षांत कानाला घराची सवय होते. ते डॉक्टरांसमोर सांगायचं कसं? ‘अहो आई, तुमचा फ्लश ऐकू आला नाही’? आमच्या घरात त्यापेक्षा चोरीची कबुली देणं सोपं. मी गप्प बसले. हे लिहिताना आजही हात थांबतो, पण खरं ते खरं.

शुक्रवारी दुपारी हिरवीगार उलटी झाली. पोट ढोलासारखं तट्ट फुगलं होतं. नवऱ्याने टॅक्सी आणली आणि आम्ही मोठं हॉस्पिटल गाठलं.

सर्जन एक ठेंगणी, तरुण बाई होती. पायात धावायचे बूट. तिने पोट हलक्या हाताने दाबलं, मग स्टेथोस्कोप ठेवून एवढा वेळ ऐकत राहिली की मला वाटलं, ही पण भिंतीला कान लावणारीच दिसते. मग तिने तेच विचारलं. शौचाला कधी झालं होतं? वारा सरतोय का?

स्ट्रेचरवरून सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, ‘सगळं व्यवस्थित आहे.’

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘नाही, डॉक्टर. नळ वाहतो, पण फ्लश होत नाही. बुधवारपासून.’

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर रस्त्यात पदर सोडलाय. सर्जन मात्र हसली नाही. ‘म्हणजे तीन दिवस खालून काहीच नाही,’ ती म्हणाली. ‘आधी पोटाचं काही ऑपरेशन?’

‘किरकोळ,’ सासूबाई म्हणाल्या.

‘गर्भाशय काढलंय,’ मी म्हणाले. ‘अठ्ठावीस वर्षं झाली.’ हे मला त्यांच्या जुन्या फायलीतून कळलं होतं. कपाट आवरताना. आता एकदा तोंड उघडलंच होतं, तर अर्धवट कशाला ठेवा?

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. दुखतंय म्हणून नाही.

उभं करून एक्स-रे काढला, मग स्कॅन झालं. एक्स-रेत आतड्यात साठलेलं पाणी दिसत होतं, एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखं. सर्जनने एका पाकिटाच्या मागे आम्हाला चित्र काढून दाखवलं. एका जागेपर्यंत फुगलेली नळी, आणि तिथून पुढे चपटी, रिकामी.

‘लहान आतडं तुंबलंय,’ ती म्हणाली. ‘कारणं बरीच असतात. हर्निया असतो, गाठ असते, कधी आतड्याला पीळ पडतो. यांच्यात तसलं काही दिसत नाही. पण पोट एकदा उघडलेलं असलं, की आत चिकटलेले पट्टे तयार होतात. वर्षानुवर्षं गप्प बसतात, आणि एक दिवस आतडं त्यांच्यात अडकतं.’

‘अठ्ठावीस वर्षं गप्प?’ नवऱ्याने विचारलं.

तो आमच्याच घरात वाढलाय, तरी त्याला आश्चर्य वाटलं.

मी पाकिटावरचं चित्र बघत होते. ‘हे नेफ्यात नाडी अडकल्यासारखंच आहे,’ मी म्हणाले. ‘ओढलं की आणखी घट्ट. त्यापेक्षा वरचा गोळा मोकळा करायचा, सैल सोडायचं आणि धीर धरायचा. बऱ्याचदा आपोआप सुटते.’

‘आणि नाही सुटली तर?’ सर्जनने विचारलं.

‘तर शिवण उसवावी लागते.’

‘झालं, मला वेगळं सांगायलाच नको,’ सर्जन म्हणाली. ‘नाकातून पोटात नळी घालून वरचं साठलेलं काढून घेऊ. तोंडाने काही नाही, सगळं सलाइनमधून. पण मी किती थांबायचं याला मर्यादा आहे. ताप आला, छातीचे ठोके वाढले, कळ जायचंच नाव घेईना, पोट लाकडासारखं कडक झालं, यातलं एक जरी झालं तरी लगेच ऑपरेशन. आणि काहीच झालं नाही, तरी रविवारी दुपारी एक वाजेपर्यंतच. त्यापुढे आतडं जिवंत राहील याची खात्री मी देणार नाही.’ मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, ‘वय एकाहत्तर, त्यात हृदयाची झडप ढिली. भूल द्यायची वेळ आली नाही तर मला फार बरं वाटेल.’

नळी घातली तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण तोंडातून हूं की चूं नाही. तासाभरात पिशवीत दीड लिटर हिरवं पाणी जमलं. पोट जरा उतरलं. चेहऱ्यावर थोडा रंग आला, आणि रंगाबरोबर रागही.

‘तू माझ्या नळावर कान ठेवून होतीस?’

‘मशीन तिथेच आहे, आई.’

‘मशीन हलवता येतं.’

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाणी मागायची तर सोयच नव्हती. ओठ ओले करायचा कापूस हवा असला, की माझ्यासमोर मुलाला सांगायच्या, ‘कापूस दे म्हणावं.’

शनिवारी सकाळी नळीतून एक्स-रेत दिसणारं औषध सोडलं. ते मोठ्या आतड्यात पोचलं, तर रस्ता उघडला. संध्याकाळच्या फिल्ममध्ये ते त्याच जागी अडकून बसलेलं होतं.

एव्हाना सगळ्या वॉर्डला कळलं होतं, की या खाटेवर एका बातमीची वाट बघणं चालू आहे. पण बातमीचं नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं. सिस्टर विचारायच्या, ‘काकू, खालून काही हालचाल?’ नवरा येऊन, ऑफिसात फायलीची चौकशी करावी तसा विचारायचा, ‘आई, काही... प्रगती?’ आणि सासूबाई माइकसमोर बसल्यासारख्या उत्तर द्यायच्या, ‘अद्याप सूचना नाही.’ पलीकडच्या खाटेवर पित्ताशय काढलेल्या एक आजी होत्या. त्यांना सासूबाईंची नोकरी समजल्यापासून भलताच जोर चढला होता.

‘काय हो, गाडी लागली का?’

‘नाही. उशिरा धावतेय.’

‘कारण?’

‘तांत्रिक.’

आजी टाके धरून हसायच्या, मग ‘हसवू नका हो, दुखतं’ म्हणून ओरडायच्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारायच्या. हसत सगळेच होते, पण सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे.

रविवारी सकाळी सर्जन नवी फिल्म उजेडात धरून उभी राहिली. ‘औषध थोडं पुढे सरकल्यासारखं वाटतंय.’

‘सरकल्यासारखं म्हणजे?’ सासूबाईंनी नळीतूनच गेंगाण्या आवाजात विचारलं. ‘ड्रायव्हरही मला असंच सांगायचे. मी कधी ऐकून घेतलं नाही.’

‘मीही नाही घेत. म्हणून तर पक्की बातमी मला तुमच्याकडून हवी.’ तिने संमतीचा कागद टेबलावर ठेवला. ‘थिएटर एक वाजताचं सांगून ठेवलंय. तोवर चाला. जेवढं जमेल तेवढं. नुसता वारा सरला, तरी ऑपरेशन रद्द.’

नवरा पेन काढून बसला. सासूबाई कागदाकडे न बघता म्हणाल्या, ‘एक वाजता म्हणजे एक वाजता. आधी नाही.’ आणि पाय खाली सोडले.

सिस्टरने नळीची पिशवी सोडवून नळीचं तोंड बंद केलं. मी सलाइनचा स्टँड ढकलत बरोबर निघाले. त्याचं एक चाक किरकिरत होतं. वॉर्डपासून खिडकीपर्यंत आणि परत, अशी एक फेरी. पहिल्या चार फेऱ्या आम्ही दोघी चाकाचं ऐकत चाललो. पाचव्या फेरीला खिडकीपाशी त्या थांबल्या. खाली गाड्या लावायची जागा होती आणि एक फाटक. त्या फाटकाकडे बघत म्हणाल्या, ‘मला बुधवारीच कळलं होतं.’

मी स्टँडचं चाक पायाने अडवून धरलं.

‘आत जाऊन नळ सोडून बसायचे. पाण्याचा आवाज ऐकला की वाटायचं, चाललंय सगळं.’ त्यांनी नाकावरची पट्टी चाचपली. ‘डॉक्टरांना सांगितलंस ते बरं केलंस. उशिरा सांगितलंस. पण सांगितलंस.’

‘मीही घाबरले होते, आई.’

‘कुणाला? मला?’

‘मग काय त्या फ्लशला?’

त्यांच्या खांद्याला हादरा बसला. हसल्या त्या! पोट धरून, नळीसकट. आणि हसता हसता एकदम थबकल्या. स्टँडचा दांडा घट्ट पकडला.

‘कळ आली?’ मी विचारलं.

त्यांनी बोट वर केलं. थांब. काचेच्या खोलीत फोन आला की म्हणे असंच बोट वर करायच्या. नजर खालच्या फाटकावर खिळलेली, श्वास रोखलेला.

आणि मला ऐकू आलं. बारीकसं, पण अगदी स्पष्ट. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मध्ये नळ नव्हता.

‘आई!’

‘गप. एकावर घोषणा करायची नाही.’

आम्ही उभ्या राहिलो. एक परिचारिका औषधांची गाडी घेऊन गेली. एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे बघून हसून गेले, त्यांना वाटलं असेल बाहेरचा नजारा बघतोय. मी आकडे मोजायला लागले, शंभरापर्यंत जाऊन परत एकपासून. दुसऱ्यांदा त्रेसष्टवर होते, तेव्हा दुसरा आला. हा बारीक नव्हता. हा फाटकातून थेट आत आला.

सासूबाई वळल्या आणि अशा काही निघाल्या, की स्टँड घेऊन मला मागे पळावं लागलं. किरकिरणारं चाक किंचाळायला लागलं.

एकला वीस मिनिटं कमी होती. भेटायला आलेल्या माणसांनी वॉर्ड भरलेला. नवरा हातात पेन घेऊन उभा. सर्जन डोक्याला हिरवी टोपी बांधत होती. सिस्टर ट्रॉलीपाशी, पित्ताशयवाल्या आजी उशीवर कोपर टेकून. सासूबाई दारातच थांबल्या. एका हाताने मागून गाऊन आवळला, दुसऱ्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले. ताठ झाल्या.

‘कृपया लक्ष द्या.’

काय आवाज होता तो! नाकात नळी असूनही चार फलाटांना पुरला असता. बोलणारे गप्प झाले. डब्यात चमचा वाजत होता, तो थांबला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी काहीही दाखवलं नाही. घोषणा माझी नव्हती.

‘गाडी?’ आजींनी हळूच विचारलं.

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. नाही, गाडी नाही. मग त्यांनी सर्जनकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे, आणि एकेक अक्षर सुटं करत, साऱ्या वॉर्डला ऐकू जाईल असं सांगितलं.

‘मी पादले,’ त्या म्हणाल्या. ‘दोनदा.’