मधला दम

आमच्या ह्यांना दमा होता, आणि हट्ट त्याहून मोठा. विहारात बुद्धवंदना गायला लागले तेव्हा दीर मला म्हणाले, भाभी, ह्यांना आवरा, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, भाऊ तुमचा, तुम्हीच आवरा. आवरतात कसले, डोंबल! नमाज झाली की टोपी खिशात घालून हे निघाले विहारात. केस पिकले तरी जात होते.

एकच घोटाळा व्हायचा. 'बुद्धं सरणं गच्छामि'तल्या 'सरणं'चा लांब सूर एका दमात पेलायचा नाही. 'सर' म्हणून थांबायचे, शिट्टीसारखा श्वास ओढायचे, मग 'णं'. ह्यांच्या मागून वंदना शिकणाऱ्यांना वाटलं, चालच तशी आहे. हळूहळू अख्खा हॉल तिथे थांबायला लागला. मी हसून बेजार. म्हटलं, अहो, तुमचा दमा गावाला लागला की! हे ओशाळायचे. चूक आहे ती, म्हणायचे, मी गेल्यावर दुरुस्त करा म्हणावं.

गेल्या वर्षी गेले. त्यांच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट विहारात होती. ती खराब होत चालली, म्हणून वंदना शिकवणाऱ्या मास्तरांनी स्टुडिओतून साफ करून आणली आणि मला ऐकायला बोलावलं. गाणं मला पाठ होतं हो. मला तो मधला श्वास हवा होता. जन्मभर उशाशी तोच ऐकत झोपले मी.

हॉल भरला. मास्तरांनी मशीन लावलं. 'सरणं' आलं आणि सरळ निघून गेलं. श्वास नव्हताच.

"खरखर काढून टाकली, भाभी," मास्तर आनंदाने म्हणाले. "चूक कुठे होती ते कळतसुद्धा नाही. त्यांची इच्छाच होती ना?"

मूळ कॅसेट कुठाय, मी विचारलं. ती स्टुडिओतच तुटली होती. पण रागावू कुणावर? बिचाऱ्याने जीव लावून केलं होतं.

मग सगळे मशीनबरोबर गायला लागले. 'सरणं' आलं. मशीन पुढे गेलं, आणि अख्खा हॉल 'सर'वर थांबला. म्हाताऱ्या थांबल्या, पोरं थांबली, मास्तरसुद्धा. गडबडून त्यांनी मशीन बंद केलं.

"राहू दे बंद," मी म्हटलं. "तसंच म्हणा पुन्हा."

ते म्हणाले. मी डोळे मिटून त्या जागेची वाट पाहिली. सगळ्यांनी मिळून श्वास घेतला, अगदी ह्यांच्या जागेवर, ह्यांच्याएवढाच. फक्त त्यात शिट्टी नव्हती. धडधाकट माणसांचा श्वास होता तो. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.