निरगाठ

भाऊसोने कृष्णातच्या कमरेभोवती दोर दोनदा फिरवला आणि गाठ मारता मारता त्याचे हात थांबले.

"काय झालं, काका?"

"कुठं काय. सरळ उभा ऱ्हा."

केरबाच्या दारातली चिंच फार उंच नव्हती. शिकायला तेवढी पुरे. उद्यापासून केरबाचा लेक कृष्णात विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या कामावर जाणार होता. केरबा सोप्यात खुर्चीवर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवून. एकेकाळी अख्ख्या कोडोलीत झाडावर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्याच्या कमरेची गाठ बांधायची ती भाऊसोनेच. लेकाला शिकवायलाही त्याने भाऊसोलाच निरोप धाडला.

शहाण्णव साली अंबाडीचा दोर जाऊन नायलॉनचा आला. गुळगुळीत, दिसायला झकास. पहिल्याच सकाळी भाऊसोने त्या दोराने घरची म्हैस बांधली, तर निरगाठ आपसूक सुटली. त्याने ते हसण्यावारी नेलं आणि दुपारी कळंब्याच्या रस्त्यावर तीच निरगाठ केरबाच्या कमरेला मारली. फांद्या तोडताना केरबा शिरीषावरून खाली पडला. "माझाच पाय घसरला," असं तो दवाखान्यात म्हणाला आणि गावाने ते खरं धरलं. आठ वर्षं भाऊसोने तोंड उघडलं नाही. दर दिवाळीला फराळाचा डबा मात्र न चुकता पोचवला. भित्र्या माणसाला तेवढंच जमतं.

आज दोर पुन्हा हातात होता.

"केरबा," तो मान खाली घालूनच म्हणाला, "तुझा पाय न्हाय घसरला. माझी गाठ सुटली. सकाळी म्हशीची बी सुटलीती. मला म्हाईत हुतं."

कृष्णातने बापाकडे पाहिलं. केरबा गुडघा चोळू लागला.

"गाठ धरंना झाली, ते मला बी कळालतं," तो म्हणाला. "कमरेला हात लावून बघिटलं की. पर जोडीदाराची गाठ वढून बघायची म्हंजे त्येच्यावर इस्वास न्हाय म्हटल्यागत. तुला वाईट वाटंल म्हणून तसाच चढलो."

त्याने कुबडी फेकून मारली असती तर बरं झालं असतं, असं भाऊसोला वाटलं. ओझं उतरेल म्हणून बोलला होता. ते दुप्पट झालं.

त्याने नाक पुसलं. दोराला एक फेर दिला, टोक त्यातून वर काढलं, मागून वळवून पुन्हा खाली घातलं. वीतभर टोक शिल्लक ठेवून त्याचीही एक गाठ मारली.

"कृष्णात, वढून बघ," केरबा म्हणाला.

पोरगा घुटमळला. काकांच्या देखत त्यांचीच गाठ ओढायची म्हणजे जिवावर आलं. त्याने नुसता हात लावल्यासारखं केलं.

भाऊसोने दोर त्याच्या मुठीत कोंबला.

"वढ. जोर लावून वढ. माझ्या तोंडाकडं बघू नगंस."