मला न झेपलेला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे एका पेटीत बऱ्याच जणांचं काम सांभाळणारा मोठा संगणक. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी सांगतो.

गोंदियातल्या एका रक्तपेढीत मी आलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. माझ्यात एक यजमान प्रोग्राम होता. तो माझी ताकद वाटून देई आणि माझ्या पोटात दोन-तीन निराळे संगणक चालवी. त्यांना पाहुणे म्हणत. एक रक्ताच्या पिशव्या सांभाळी, दुसरा रुग्णांच्या नोंदी. बरीच वर्षं सगळे सुखाने नांदले. मी म्हातारा होत चाललोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात रुग्णांच्या नोंदी एका नव्या पाहुण्याकडे सोपवल्या. तो कोसळू लागला. आधी अधूनमधून, मग जागा होताक्षणीच.

आमच्याकडे काहीही बंद पडलं की पहिला संशय विजेवर जातो. लाइननं झटका देल्ला असल, असं सगळे म्हणाले. संगणक बघणाऱ्या राजदीपने नवी बॅटरी बसवली. रक्त तपासणाऱ्या अल्काताईंनी तर माझ्या लाइनवर भार नको म्हणून ऐन मे महिन्यात स्वतःचा पंखा बंद ठेवला. त्या पदराने वारा घेत काम करत आणि मी त्यांच्या वाटणीच्या विजेवर बसून असे.

वीज बिचारी निर्दोष होती. संगणकाचं सगळं काम त्याच्या आतल्या घड्याळाच्या ठोक्यावर चालतं. नवा पाहुणा जागा होताना विचारी, 'नव्या पद्धतीचं घड्याळ आहे का?' माझा प्रोग्राम 'आहे' म्हणे. खरं तर ते घड्याळ चालवणं त्याला अर्धवटच येत होतं. पाहुणा विश्वासाने त्या घड्याळावर चालू लागे आणि त्याचा गाभाच कोलमडे. घरात तांदूळ नसताना पाहुण्याला जेवायला थांबवावं, तसं ते होतं.

अशातच आमगावचे श्यामलाल आपल्या मुलीला, खुशबूला, घेऊन आले. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. पुष्कळदा रक्त घेतल्याने आता तिला वाटेल ती पिशवी चालत नसे. कोणतं रक्त सोसेल याची नोंद नेमकी त्या पाहुण्याकडे अडकलेली. पुन्हा तपासायचं तर नमुना नागपूरला पाठवावा लागला असता. खुशबू भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तुया पाहुणा आजबी मेला का रे?" अल्काताईंनी राजदीपला विचारलं.

"लाइनच खराब हाये ताई. मी का करू?"

श्यामलाल बराच वेळ वर बघत होते. ते हळूच म्हणाले, "भाऊ, लाइन तं हाये ना. पोरीवरचा पंखा फिरूनच राहिला."

राजदीपने फिरत्या पंख्याकडे पाहिलं आणि तो पडद्यापुढे बसला. कोसळण्याआधी पाहुणा पडद्यावर शेवटचं काय लिहितो, ते त्याने पहिल्यांदाच नीट वाचलं. तिथे घड्याळाचं नाव होतं. माझा प्रोग्राम बदलायला वेळ नव्हता. म्हणून त्याने पाहुण्यालाच जागं होताना एक सूचना दिली : इथे नवं घड्याळ मागू नको, जुन्यावरच चाल.

पाहुणा उठला. चाल मंद होती, पण तो टिकला. खुशबूची नोंद उघडली आणि तिला सोसणारी पिशवी सापडली.

मग सगळे माझ्याकडे बघून म्हणाले, मशीन जुनी हाये, पण दमदार हाये. मला तोंड लपवायला जागा नव्हती. यजमान मी, आणि सांभाळून पाहुण्याने घेतलं होतं. अल्काताईंनी आपला पंखा लावला, तेवढंच बरं वाटलं.

आता मी त्याच रक्तपेढीच्या व्हरांड्यात बाकाशेजारी पडून आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना, आणि माणसांनाही, कधीतरी विचारा की तुम्हाला आता काय झेपत नाही. 'नाही' म्हणायची लाज वाटते, म्हणून आम्ही 'हो' म्हणत राहतो.

खुशबू अजून रक्त घ्यायला येते. आता ती कॉलेजात आहे. बाकावर बसण्याआधी ती पुस्तकांची जड पिशवी माझ्यावर ठेवते. एवढं मला झेपतं.