न केलेल्या खोड्या

आमच्या कारखान्यात काही बिघडलं की आधी माझं नाव निघतं, मग पाना शोधतात. आपली तक्रार नाही. नाव कमावलंय मी. चहाच्या ग्लासात चहाच्याच रंगाचं प्लास्टिक ओतून, ते गोठल्यावर मालकीणबाईंपुढे ठेवणारा मीच. दाजींच्या लाकडी फळीखाली लोहचुंबक बसवून त्यांचा पाना वर चिकटवणाराही मीच. दाजी पाना ओढतायत, फळीच वर येतेय, आणि मी मशीनमागे पोट धरून बसलोय.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. टूलरूममधले मास्तर. ते मोल्ड बनवायचे, मी सेटर, तो मशीनवर चढवायचो. लग्नापासून मी त्यांना छळतोय आणि ते एकच वाक्य म्हणतायत, "मेव्हण्या, तुला कुणी विकत घेईल का रे?"

आता कोर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन्ही तळवे जुळवा. हा झाला मोल्ड. मधल्या पोकळीत वितळलेलं प्लास्टिक भरतं, थंड होतं, तळवे उघडले की वस्तू पडते. बादलीचं झाकण असेल तर एवढ्यावर भागतं. पण आम्ही करतो नळाचे एल्बो. काटकोनात वळलेली नळी, आतून पोकळ. मग तळवे मिटले की दोन बाजूंनी दोन बोटं आत घालायची आणि कोपऱ्यात एकमेकांना टेकवायची. प्लास्टिक त्यांच्याभोवती गोठतं. ती बोटं म्हणजे कोर. तळवे उघडायच्या आधी ती बाहेर ओढायची. तेलाच्या दाबावरचा सिलिंडर ओढतो. मग मोल्ड उघडतो आणि मागच्या पिना एल्बोला ढकलून पाडतात. बोट आतच राहिलं आणि पिनांनी ढकललं, तर काय होतं ते दाराच्या फटीत बोट सापडलेल्या कुणालाही विचारा.

दाजींना हे विचारावं लागत नव्हतं. मोल्ड चढला की ते सिलिंडरवर तळहात ठेवायचे आणि कोर आत-बाहेर करायला सांगायचे. डोळे दुसरीकडेच. "अडतोय," म्हणायचे, आणि खरंच कुठेतरी केसाएवढी कड राहिलेली निघायची.

तर एकदा नव्या एल्बोचा मोल्ड चढवला. कोरच्या सिलिंडरला दोन पाइप असतात, एकातून तेल आलं की कोर आत, दुसऱ्यातून आलं की बाहेर. बाहेर ओढणाऱ्या पाइपाला दाजी स्वतः लाल पट्टी बांधायचे. मी बटण दाबलं, कोर आत जायच्या ऐवजी बाहेर निघाला. पाइप उलटे जोडलेले. जोडले होते दाजींनी, माझ्या डोळ्यांदेखत.

ते पुढे झाले. एका हातात लाल पट्टीचा पाइप, दुसऱ्या हातात बिनपट्टीचा. पाहुण्यांची पोरं असावीत आणि थोरलं कुठलं ते आठवत नसावं, तसे त्यांच्याकडे बघत राहिले. कपाळावर घाम. मागून मालकीणबाई आल्या.

"हे कुणी केलं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. सवयच ती. मी दाजींचा चेहरा बघितला आणि दात काढले.

"म्हटलं बघावं मास्तरांच्या लक्षात येतं का."

दाजी वळले आणि असे हसले, की काय सांगू. बुडणाऱ्या माणसाचा पाय जमिनीला लागावा, तसं हसू. "मेव्हण्या," म्हणाले, "तुला कुणी विकत घेईल का रे?" आणि पाइप नीट जोडायला बसले.

त्यांना पटलं होतं. मी केलं असंच त्यांना वाटलं.

तिथून माझा नवा धंदा सुरू झाला. दाजी मोजपट्टी फ्रीजमध्ये ठेवायचे, खोडी माझी. एकाच कोरची दोन चित्रं काढायचे आणि दोन्ही वेगळी, त्यातलं एक मी काढलेलं. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी त्यांचं कालचं काम तपासायचो. चुकलेलं सापडलं की सुधारायचो, नाही सुधारलं तर कबूल करायचो. आयुष्यभर केलेल्या खोड्या नाकारल्या आणि आता न केलेल्या कबूल करत फिरत होतो.

घरीही तेच. घराच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या. मी संध्याकाळी गेलो तर ताई दारातच.

"सकाळी आला होतास?"

"हो."

"किल्ल्या पिठात तूच टाकल्यास?"

दाजी आत खुर्चीत बसून ऐकत होते. "मीच," मी म्हणालो.

"घोडा झालास तरी अक्कल येईना. यांना वेडं करून सोडशील एक दिवस. आठ दिवस पाऊल टाकू नकोस इकडे."

दाजींनी आतून आवाज दिला, "जाऊ दे गं, पोरकटच आहे तो." आवाजात काय आनंद.

कारखान्यात मात्र गंमत संपत आली होती. मालकीणबाई वाईट नाहीत, पण वेड्याही नाहीत. नव्या मोल्डच्या अंतिम चाचणीच्या सकाळी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"मास्तरांचं चित्र तू बिघडवलंस म्हणे. महागाचं पोलाद वाया गेलं."

"चूक झाली."

"त्यांचं वय झालंय, त्यांना शांतपणे काम करू दे. आणखी एक खोडी, आणि तू बाहेर. कळलं?"

मी मान हलवली. म्हणजे आता पुढची चूक दाजींची निघाली तर दाजी टूलरूमच्या टेबलावरून कायमचे उठणार, माझी निघाली तर मी दारातून बाहेर. आणि त्या टेबलाशिवाय दाजी म्हणजे काय, ते मला माहीत होतं. रविवारी ते घरात कसे बसतात ते बघा कधी. परक्या स्टेशनवर बसल्यासारखे.

मी बोलणी खात होतो तेव्हा बाहेर दाजी मोल्ड जुळवत होते. कोर पूर्ण बाहेर आला की एका छोट्या स्विचवर टेकतो. स्विच दाबला गेला, तरच मशीन पुढे सरकतं, नाहीतर जागच्या जागी थांबतं. जुळवाजुळव करताना दर वेळी थांबायला नको म्हणून जुने मास्तर काय करतात, स्विच तारेने बांधून दाबून ठेवतात. मशीनला वाटतं कोर बाहेरच आहे. काम झालं की तार सोडायची. सगळे जुने लोक करतात, आणि सगळे सोडतात. मी बाहेर असतो तर बघितलंच असतं. रोज तेवढ्यासाठीच तर तिथे असायचो.

मी आणि मालकीणबाई ऑफिसातून निघालो तेव्हा दाजींनी मशीन चालू केलेलं होतं. मशीनसमोर पॅकिंगवाली मावशी एल्बो उचलायला उभी, मशीनच्या काचेच्या दाराशी नाक लावून. नवीन माल बघायची तिला हौस. सकाळचं तेल थंड असतं, कोर सुस्त सरकतो. तो अर्ध्यात होता. तारेने बांधलेल्या स्विचने सांगितलं, बाहेर आलाय. मोल्ड उघडला, पिना पुढे आल्या.

आवाज मोठा नव्हता. सुपारी फुटल्यासारखा. पिनेचं टोक तुटून दारावर आदळलं आणि मावशीच्या नाकासमोर काचेला तडा गेला. मी धावत जाऊन मशीन बंद केलं. कोर वाकलेला, एल्बोचे दोन तुकडे त्याच्यावर लोंबत होते. मावशी तोंडावर हात ठेवून उभी होती, मग खाली बसली.

मालकीणबाईंनी तार बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. खरं सांगतो, जिभेच्या टोकावर होतं. तेवढ्यात दाजी माझ्याजवळ आले. माझं मनगट धरलं त्यांनी, घट्ट.

"तूच ना?" हळू आवाजात म्हणाले. "ऑफिसात जायच्या आधी तू बांधलीस ना तार? सांग ना मेव्हण्या. काही बोलणार नाही मी तुला."

मी मावशीकडे बघितलं. काच नसती तर, असं तिच्याही मनात चाललं असावं, कारण ती आपला डोळा चाचपत होती.

"नाही दाजी," मी म्हणालो.

"मस्करी करू नकोस."

"करत नाहीये."

त्यांनी मनगट सोडलं नाही. "आणि ते पाइप?"

मी वाकलेल्या कोरकडे बघितलं.

"चित्र? मोजपट्टी?" मग जरा थांबून, "किल्ल्या?"

मी नुसती नकारार्थी मान हलवली. त्यांच्या बोटांची पकड एकेक करून सुटत गेली. मालकीणबाई काहीतरी बोलायला पुढे झाल्या, "मास्तर, आपण उद्या शांतपणे..." दाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. वाकून स्विचची तार सोडली, तिचं वेटोळं केलं, टेबलावर ठेवलं. मग मावशीपुढे जाऊन उभे राहिले.

"बाई, लागलं नाही ना?"

"नाही मास्तर."

"माफ करा," ते म्हणाले, आणि अ‍ॅप्रन काढून माझ्या हातात दिला.

घरी मीच नेलं त्यांना. रस्त्यात एकदाच बोलले. "मला बरं वाटावं म्हणून नोकरी घालवायला निघाला होतास?"

"माझी कसली नोकरी दाजी. मला कुणी विकत तरी घेईल का?"

हसले नाहीत.

ताईने दार उघडलं, माझ्या हातातला अ‍ॅप्रन बघितला, आणि बाजूला झाली. दाजी आत हात धुवायला गेले. स्वयंपाकघरात ती चहाचं आधण ठेवत होती, मी दाराला टेकून उभा.

"ताई, किल्ल्या मी टाकल्या नव्हत्या."

"माहीत आहे मला." तिने साखर टाकली. "मीच बघितलं होतं त्यांना टाकताना."

"मग मला शिव्या कशाला दिल्यास?"

"त्यांना ऐकू जावं म्हणून." ती पातेल्याकडे बघत होती. "तू हो म्हणालास तेव्हा कळलं, यांचं काय होतंय ते तुलाही माहीत आहे. तुला काय विचारणार मग. विचारलं असतं तर दोघांनाही बोलावं लागलं असतं."

चहा उकळून वर आला, तिला दिसला नाही. गॅस मी बंद केला.

बाहेर आलो तर दाजी खुर्चीत बसले होते. नखांत अजून काळं तेल. ताईने कप दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"मेव्हण्या, एक काम कर."

"सांगा की."

"एखादी खोडी कर. तुझी. खरी."

मी हसलो. म्हटलं, त्यात काय, आत्ता करतो. इकडेतिकडे बघितलं. त्यांच्या चपला होत्या, चष्मा होता, चहा होता, शेजारी ताई होती. डोकं चालवलं, पुन्हा चालवलं. काही सुचेना. चष्मा लपवावा म्हटलं, तर तो शोधताना त्यांचा चेहरा कसा होईल ते आधीच दिसलं. चपला हलवाव्यात, तर तेच.

दाजी कप धरून वाट बघत राहिले.