तिच्या नावावर आणलेली मॅट

मी मॅट बोलतेय. योगासनांची. रंगानं जांभळी, लांबीला सहा फूट. माझ्या वेष्टनावर एका पोटुशी बाईचं चित्र होतं. ती मांडी घालून, डोळे मिटून मंद हसत बसली होती. तिच्या घरी स्वयंपाकघर नसावं, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

माझा जन्म एका कारखान्यातला. रबरी कापडाचा मोठा गुंडाळा उलगडायचा, मापानं कापायचा आणि कडा साफ करायच्या. हे काम बायका करत. दिवसभर वाकून त्यांच्या कमरांचे कधीच बारा वाजलेले होते. जगाच्या कमरा सरळ करणारी वस्तू अशा वाकलेल्या कमरांनी घडवलेली असते, पण हे वेष्टनावर छापत नाहीत.

मला विकत घेतलं ते एका होऊ घातलेल्या बापानं. त्याची बायको चष्म्यांच्या दुकानात कामाला. दिवसभर उभं राहायचं, लोकांच्या नाकावर फ्रेमी चढवायच्या, आरसा धरायचा आणि "छान दिसतेय हो" म्हणायचं. सातवा महिना लागला तसे तिचे पाय सुजू लागले, पाठ धरू लागली, रात्री झोप उडाली. तपासणीत रक्तदाबही काठावर आलेला निघाला. डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं, "रोज वीस मिनिटं. हलकी आसनं, शिकवणारीला विचारून. संथ श्वास, रोखून धरायचा नाही. शेवटी डाव्या कुशीवर पडून राहायचं." आणि तोंडी बजावलं, "पंधरा दिवसांनी बघू. दाब वाढला तर मला भरती करून घ्यावं लागेल." हे सगळं मला घरातल्या बोलण्यातून कळलं. बोलण्याला त्या घरात कधी तोटा नव्हता.

त्याच संध्याकाळी मी घरात आले. नवऱ्यानं मला झोपायच्या खोलीत अंथरलं आणि फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. वर ठळक अक्षरांत 'बाळासाठी योग', खाली पंधरा चौकोन. त्याला तक्त्यांची भारी हौस.

"थांब, आधी मी करून बघतो," तो बायकोला म्हणाला. "घसरलीबिसरलीस तर? तुला धोका नको."

तिला कोण कौतुक वाटलं! मलाही वाटलं. फोनवरचा धडा लावून तो माझ्यावर बसला. धड्यातली बाई म्हणाली, "आता हलकेच पोटावर हात ठेवा आणि बाळाशी मनातल्या मनात बोला." यानं ठेवला. पोट त्याचंही बऱ्यापैकी होतं. काय बोलला देव जाणे, पण उठला तेव्हा चेहऱ्यावर भलतंच तेज होतं.

"फार बरं वाटलं गं," तो म्हणाला. तोवर तिची कणीक मळायची वेळ झाली होती. त्यानं पहिल्या चौकोनात बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, हातपाय धुतले आणि माझ्यावर टेकली. दोन श्वास झाले असतील नसतील, तोच आतून सासूबाईंची हाक आली, "अगं, साखरेचा डबा कुठं ठेवलास?" तो जिथं गेली चार वर्षं असतो तिथंच होता. ती उठली, डबा दिला, गॅसवर उतू जाणारं दूध उतरवलं आणि परत आली. तर माझ्यावर नवरा!

"तू येईपर्यंत जागा गरम ठेवतोय," तो म्हणाला.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. पण नागोबा एकटाच असतो. इथं दोन दिवसांत सासरेही आले. सूनबाईला शवासन जमेल का, हे तपासायला ते सकाळी आडवे झाले आणि पेपरवाला येईपर्यंत घोरत राहिले. सासूबाई माझ्या एका टोकाला बसून उंटावरून शेळ्या हाकू लागल्या. "आमच्या वेळी असले लाड नव्हते. लादी पुसायचो, तोच योग. तू पण पूस की." पुसली बिचारीनं. त्या दिवशीही चौकोनात खूण पडली.

मी तिची वाट बघत असे. पण मॅटचं कुणी ऐकतं का? दहा दिवसांत नवऱ्याचा पट्टा एक भोक आत गेला. सासऱ्यांची पित्ताची तक्रार थांबली. सासूबाईंचे गुडघे मोकळे झाले. शेजारीपाजारी सांगू लागले, "त्यांच्याकडे बघा, सुनेसाठी अख्खं घर योग करतंय!" सून मात्र पाय उशीवर टाकून रात्रभर छताकडे बघायची. एकदा नवऱ्याला म्हणाली, "अरे, मला झालंच नाही आज काही."

"होतंय की रोज!" तो तक्ता दाखवून म्हणाला. "चौदा झाल्या."

पंधराव्या दिवशी दवाखान्यात मलाही नेलं. पुरावा म्हणून. गुंडाळी काखेत, तक्ता हातात, असा तो ऐटीत खुर्चीवर बसला. "डॉक्टर, आम्ही एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टरबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. हवा भरली, सोडली. पुन्हा भरली, पुन्हा सोडली. मग तिच्या पावलांवर अंगठा दाबून बघितला. खळगा पडला तो लवकर भरेचना. त्यांनी पट्टा काढला आणि सरळ नवऱ्याच्या दंडाला बांधला.

"एकदम झकास," त्या म्हणाल्या. "अभिनंदन. बाळंतपण तुमचं असतं तर मला काही काळजीच नव्हती."

तो हसायला गेला, पण त्यांचा चेहरा पाहून थांबला.

"हिचा दाब वाढलाय. आजपासून गोळी. भरती आज टाळते, आठ दिवस देते. नाही उतरला तर भरती, आणि मग हिला आणि बाळाला दोघांनाही धोका आहे, हे नीट समजून घ्या." मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "खरं सांग, किती वेळा केलंस?"

तिनं खाली माझ्याकडे बघितलं. "एकदा बसले होते," ती म्हणाली. "दोन श्वास झाले होते."

परत येताना रिक्षात तो तक्त्यावरच्या खुणा पुन्हा पुन्हा बघत होता. घाबरला होता, खरंच घाबरला होता. माणूस वाईट नव्हता हो. त्याला कधी कुणी उठवलंच नव्हतं, म्हणून दुसरं कुणी सारखं उठतंय हे दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळपासून खोलीचं दार बंद होऊ लागलं. आत ती आणि मी. बाहेर तिघं. पहिल्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या यावर परिषद भरली. साखरेचा डबा शोधायला अकरा मिनिटं लागली, पण सापडला. दवाखान्यातली शिकवणारी ताई दोनदा येऊन दाखवून गेली होती, तसं ती सावकाश मान वळवी, खांदे फिरवी, भिंतीला धरून उभी राही आणि मग डाव्या कुशीवर पडे. चौथ्या दिवशी ती अशीच पडली असताना मला तिच्या पोटातून एक लाथ बसली. लहानशी, पण जोरदार. आयुष्यात पुष्कळांनी मला पायाखाली घेतलं, पण एवढा आनंद कुणाच्या पायानं झाला नव्हता.

आठ दिवसांनी दाब उतरला. नवऱ्यानं विचारलंच, "गोळीनं उतरला की योगानं?"

"गोळीनं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही संध्याकाळचा चहा करायला लागलात त्यानं."

पुढे सगळं सुखरूप झालं. मुलगी झाली, गोरीगोमटी नाही, पण आवाजानं खणखणीत. घरात आनंदीआनंद. आणि गरज सरो, वैद्य मरो! फ्रिजवर परत लागलेला तक्ता उतरला. दार उघडं राहू लागलं. मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं, वर दुपटी वाळत टाकली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे तर बाळ येईपर्यंतचेच होते.

सहा महिने मी त्या फटीतून बघत होते. ती पुन्हा दुकानात जाऊ लागली. आता एक कंबर दोन जागी दुखे, एकदा काउंटरमागे आणि एकदा पाळण्यावर वाकताना. झोप तर विचारूच नका. घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचवलेली ती बाई कुठं गेली, असा प्रश्न एकट्या मलाच पडलेला दिसत होता. डॉक्टरबाईंनी "आता हळूहळू सुरू कर" म्हणून सांगितलेलंही होतं. ते कुणाच्या तक्त्यात बसलं नाही.

आज संध्याकाळी ती कामावरून आली. चप्पल काढली. दुपटी बाजूला सारून तिनं मला ओढून काढलं आणि धूळ झटकली.

"अगं, आता कशाला?" नवरा म्हणाला. "आता तर झालं ना सगळं!"

तिनं मुलगी त्याच्या हातात दिली.

"बाळ झालं," ती म्हणाली. "मी आहे अजून."

आणि दार लावून घेतलं.

बाहेर मुलगी रडायला लागली. मला माझ्यावर उभ्या आईच्या टाचा उचललेल्या जाणवल्या. मी श्वास रोखून धरला, रोखायचा नसतो तरी. बाहेर त्याचं "ओ ओ ओ" सुरू झालं, मग सासूबाईंचा खुळखुळा, मग सासऱ्यांचं बेसूर गाणं. टाचा परत टेकल्या. डावी कूस झाली. आता तिचा श्वास लांब लांब जातोय, आणि बहुतेक तिला झोप लागलीय.

म्हणून मी इथंच थांबते. तुमच्याकडे मागणं एवढंच, जाताना जरा हळू चाला.